टेम्पो इंग्रजी नाही! आकुर्डीच्या रस्त्यावरून शब्दशुद्धीच्या यादीची उलटतपासणी (धागा)

१/
मराठी भाषा गौरव दिन जवळ आला की समाजमाध्यमांवर दोन रकान्यांच्या याद्या फिरू लागतात. डाव्या रकान्यात 'गुलामीचे शब्द': टेम्पो, रिक्षा, बस, व्हॅन, स्टेपनी, स्पीडब्रेकर. उजव्या रकान्यात त्यांचे 'शुद्ध' पर्याय. खाली आवाहन असते: इंग्रजी हद्दपार करा, शिवरायांची भाषा बोला. यादी करणाऱ्यांचे भाषाप्रेम खरे असेलही. त्यांचा इतिहास मात्र कच्चा आहे. आणि कच्च्या इतिहासावर उभी राहिलेली चळवळ भलत्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करते. या धाग्यात त्या यादीची उलटतपासणी आहे. साक्षीदार आहे आकुर्डी.

२/
आकुर्डीच का? जुना मुंबई-पुणे महामार्ग या गावाला लागून जातो, लोहमार्गही जातो. संत तुकाराम महाराजांची पालखी देहूहून निघते, तेव्हा तिचा पहिला मुक्काम आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात असतो. आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देशभर धावलेली कितीतरी वाहने याच गावच्या कारखान्यांतून बाहेर पडली. वाट, वारी आणि वाहन या तिन्हींचे शब्द एकाच शिवारात सापडावेत, असे ठिकाण सहसा मिळत नाही.

३/
आरोपी क्रमांक एक: टेम्पो. इंग्लंडमध्ये मालवाहू गाडीला कुणीही टेम्पो म्हणत नाही. तिथे 'टेम्पो' म्हणजे संगीताची लय किंवा कामाचा वेग. मग मराठीतला टेम्पो आला कुठून? जर्मनीहून. हॅम्बुर्गच्या 'विडाल अँड झोन टेम्पो-वेर्के' या कंपनीची तीनचाकी मालवाहू गाडी 'टेम्पो' या नाममुद्रेने विकली जाई. १९५८ मध्ये नवलमल फिरोदिया यांनी त्या कंपनीच्या सहकार्याने 'बजाज टेम्पो' सुरू केली. आधी मुंबईत गोरेगावला गाड्या बनल्या, पुढे कारखाना आकुर्डीत उभा राहिला.

४/
त्या जर्मन नाममुद्रेच्या मागे इटालियन शब्द आहे आणि त्याच्याही मागे लॅटिनमधला 'काळ' या अर्थाचा शब्द. म्हणजे लॅटिन, इटालियन, जर्मन आणि मग थेट आकुर्डी. या साखळीत 'मालवाहू गाडी' हा अर्थ इंग्रजीने दिलेला नाही. नाममुद्रेचे सामान्यनाम भारतीय रस्त्यावर झाले. पुढे कुठल्याही कंपनीची छोटी मालगाडी 'टेम्पो' झाली. काठमांडूतही तीनचाकी सवारी गाडीला टेम्पोच म्हणतात. बजाज टेम्पो या कंपनीने २००५ मध्ये 'फोर्स मोटर्स' असे नाव घेतले. कंपनीने टाकलेला शब्द लोकांनी मात्र सोडला नाही. ज्या शब्दाला हा अर्थ इथल्या रस्त्याने दिला, त्याला परकीय ठरवून हाकलणे हा भाषाभिमान कसा ठरतो?

५/
मॅटाडोरची कथा तीच. शब्द स्पॅनिश; अर्थ, रिंगणात बैलाला सामोरा जाणारा योद्धा. जर्मनांनी तो गाडीला दिला, आकुर्डीच्या कारखान्याने तो भारतभर पोहोचवला. महाराष्ट्रात मॅटाडोरमधून वऱ्हाडे गेली, भाजीपाला बाजारात गेला, शाळेच्या सहली गेल्या. त्यातल्या कुणालाही स्पेनमधले बैल आठवले नाहीत. शब्दाचा अर्थ त्याच्या जन्मगावात गोठून राहत नाही. तो जिथे राबतो तिथे नव्याने ठरतो. यादीकारांना हे मान्य नाही, कारण त्यांच्या लेखी शब्दाला फक्त जन्मदाखला असतो, आयुष्य नसते.

६/
आरोपी क्रमांक दोन: रिक्षा. हा शब्द जपानी आहे. 'जिन' म्हणजे माणूस, 'रिकी' म्हणजे बळ, 'शा' म्हणजे वाहन. माणसाच्या बळावर चालणारे वाहन ते 'जिनरिकिशा'. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपानमध्ये ते रूढ झाले आणि तिथून आशियाभर पसरले. माथेरानच्या वाटांवर हातरिक्षा आपल्या काळापर्यंत टिकून राहिली. प्रवासात 'जिन' गळाला, उरला तो 'बळाचे वाहन' एवढाच भाग. पुढे इंजिन आले आणि ओढणारा माणूसही गळाला. शब्दाने आपला अर्थ वाहनाच्या आधीच दुरुस्त करून ठेवला होता!

७/
मराठीने या जपानी शब्दाचे काय केले, ते पाहण्यासारखे आहे. हिंदीत 'रिक्शा' लिहितात. मराठीने त्याला थेट 'क्ष' दिला. त्याला स्त्रीलिंग दिले. आणि शाळा-शाळेत, भाषा-भाषेने यांच्या पंगतीत बसवून रिक्षा-रिक्षेत, रिक्षेने असे चालवले. सामान्यरूप म्हणजे मराठी व्याकरणाचे नागरिकत्व. ते रिक्षेला कधीच मिळालेले आहे. टेम्पो पुल्लिंगी, बस स्त्रीलिंगी, ट्रक पुल्लिंगी, मोटार स्त्रीलिंगी: इंग्रजीत यांपैकी कुणालाही लिंग नाही. हा निवाडा मराठी बोलणाऱ्यांनी दिला आहे, आणि कुठलीही समिती न नेमता.

८/
बजाज ऑटोच्या आकुर्डी कारखान्याची वंशावळही अशीच मिश्र आहे. कंपनीने इटलीच्या पियाज्जो कंपनीच्या परवान्याने 'व्हेस्पा' बनवली. इटालियनमध्ये व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी. १९७२ मध्ये आलेल्या 'चेतक'चे नाव राणा प्रतापांच्या घोड्यावरून. आकुर्डीतले वाहन-उत्पादन २००७ मध्ये थांबले, आणि २०२२ मध्ये त्याच आकुर्डीत विजेवर चालणाऱ्या चेतकचा नवा कारखाना सुरू झाला. इटालियन माशी, मेवाडचा घोडा आणि जपानी 'बळाचे वाहन' एकाच गावच्या फाटकातून बाहेर पडले. यात इंग्रजी गुलामी शोधायची तर फार डोळे ताणावे लागतील.

९/
"पण बस आणि व्हॅन तरी इंग्रजी ना?" इंग्रजीमार्गे आलेले, एवढे खरे. 'बस' हा लॅटिन 'ओम्निबुस' या शब्दाचा केवळ शेपटा आहे. मूळ अर्थ 'सर्वांसाठी'. 'व्हॅन' हा 'कॅरव्हॅन'चा तुकडा, आणि कॅरव्हॅन म्हणजे फारसीतला कारवान, आपल्या ओळखीचा कारवाँ. 'कोच' हा हंगेरीतल्या कोच नावाच्या गावच्या गाड्यांवरून आलेला. इंग्रजी ही स्वतःच एक मोठी धर्मशाळा आहे. तिथे एक रात्र मुक्काम केलेल्या प्रत्येक प्रवाशाला यादीकार इंग्रज समजतात.

१०/
आता स्टेपनी. आज इंग्लंडमधल्या गॅरेजात हा शब्द उच्चारला तर बहुतेकांना लंडनचा एक भाग आठवेल, जादा चाक नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभी वेल्समधल्या लानेथ्ली गावात, स्टेपनी रस्त्यावर, मोटारींसाठी जादा चाक तयार होऊ लागले. रस्त्याचे नाव चाकाला मिळाले. ब्रिटनने तो शब्द विसरून टाकला. भारतात तो जिवंत राहिला. ब्राझीलच्या पोर्तुगीजमध्येही जादा चाकाला 'एस्टेपे' म्हणतात. जो शब्द इंग्रजांच्या बोलण्यातून गेला आणि आपल्या ट्रकवाल्यांनी जपला, त्याला इंग्रजांची गुलामी म्हणणे हा विनोद आहे.

११/
स्पीडब्रेकरही तसाच. ब्रिटनमध्ये त्या उंचवट्याला 'बम्प' किंवा 'हम्प' म्हणतात. 'स्पीडब्रेकर' हे भारतीय उपखंडात रुळलेले नाव. फूटपाथचे तेच: लंडनच्या रस्त्याकडेला असतो तो 'पेव्हमेंट', 'फूटपाथ' म्हटले की तिथे बहुधा शेतामाळातली पायवाट डोळ्यांपुढे येते. आणि 'लोकल'? इंग्रजीत ते मुख्यतः विशेषण. "आकुर्डीला सकाळची लोकल पकडली" या वाक्यातले नाम मुंबई-पुण्याच्या प्रवाशांनी घडवलेले. कच्चा माल इंग्रजी, घडण इथली. कारखान्यांच्या गावाला हा हिशेब समजावून सांगावा लागू नये.

१२/
शब्दांची वाहतूक एकेरी नव्हती, हेही नोंदवले पाहिजे. सह्याद्रीला इंग्रजीत 'वेस्टर्न घाट्स' म्हणतात. डोंगररांगेचे नावच त्यांनी आपल्या घाटावरून घेतले. पालखी पोर्तुगीजांमार्फत इंग्रजीत 'पॅलँक्विन' झाली. जगन्नाथाच्या रथावरून 'जगरनॉट' आला, आणि ब्रिटनमध्ये महाकाय ट्रकला आजही त्या नावाने ओळखतात. पुरीचा देव इंग्रजांच्या महामार्गावर धावतो, म्हणून इंग्रजी भ्रष्ट झाल्याची तक्रार कुणी केल्याचे ऐकिवात नाही.

१३/
आता यादीच्या उजव्या रकान्याकडे, जिथे सगळे 'शुद्ध' असल्याचा दावा आहे. तिथे 'रस्ता' हा शब्द बिनदिक्कत बसलेला असतो. तो फारसी आहे. 'सफर' अरबी आहे; तोच शब्द स्वाहिलीतून फिरून इंग्रजीत 'सफारी' झाला आणि जंगल सफारी बनून परत आला. आणि पालखी सोहळ्याच्या वेळापत्रकात दरवर्षी छापला जाणारा 'मुक्काम'? तोही अरबी. प्रस्थान संस्कृत, मुक्काम अरबी, विसावा अस्सल देशी. आकुर्डीत टाळ-मृदंगाच्या गजरात हे तिघे एका पंगतीला बसतात. वारकऱ्यांनी त्यांची जात विचारलेली नाही.

१४/
इथे हमखास एक नाव पुढे येते: राज्यव्यवहारकोश. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथ पंडितांनी सिद्ध केलेला हा कोश मोठे ऐतिहासिक कार्य आहे, यात वाद नाही. पण त्याचा हेतू त्याच्या नावातच आहे: राज्यव्यवहार. फारसी ही सत्तेची भाषा होती आणि नव्या सार्वभौम राज्याला आपल्या दरबाराची भाषा हवी होती. बैलगाडी हाकणाऱ्याने 'रस्ता' म्हणू नये, यासाठी तो कोश रचलेला नव्हता.

१५/
आणि त्या प्रयत्नाचे पुढे काय झाले, तोही इतिहास आहे. राज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधानांना संस्कृत नावे मिळाली. पेशवा हा 'मुख्य प्रधान' झाला. पेशव्यांच्या शिक्क्यांत 'मुख्य प्रधान' हीच अक्षरे आहेत. पण लोकांनी काय म्हटले? पेशवा. सबंध कालखंडाला नाव पडले 'पेशवाई'. शिक्क्यावर एक शब्द आणि जिभेवर दुसरा, अशी शंभराहून अधिक वर्षे गेली, आणि मराठी सत्ता त्यामुळे कमी मराठी झाली नाही. राज्यव्यवहारकोशाचा दाखला देणाऱ्यांनी हे पुढचे पान वाचायचे टाळू नये.

१६/
विसाव्या शतकातही तसेच. सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या नावाने या याद्या फिरवल्या जातात. 'महापौर', 'दिनांक' यांसारख्या शब्दांचे श्रेय त्यांना दिले जाते आणि ते शब्द चांगले रुळले आहेत. पण नव्या परकीय वस्तूबरोबर आलेल्या नावाला त्यांच्या नियमांतही सूट होती. १९३८ मध्ये 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिणारे माधव ज्यूलियन हे फारसीचे पंडित होते; १९२५ मध्ये त्यांनी फार्सी-मराठी कोश सिद्ध केला होता. जो शब्द वगळायचा त्याचा आधी पुरता अभ्यास, ही त्या पिढीची शिस्त. आजच्या यादीत तिचा मागमूस नाही.

१७/
आता मोर्चा दुसऱ्या बाजूकडे. यादीकारांना हसणारा एक वर्ग म्हणतो: "रस्ते इंग्रजांनी दिले, म्हणून शब्दही त्यांचेच, मराठीत मुळात शब्द नाहीतच." हेही तितकेच कच्चे. बोरघाटातला गाडीरस्ता १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात खुला झाला, हे खरे. पण कोकण आणि देश यांना जोडणारा जुन्नरजवळचा नाणेघाट सातवाहनांच्या काळात वाहता होता. राणी नागनिकेचा शिलालेख तिथे आहे आणि जकातीचा म्हणून सांगितला जाणारा दगडी रांजणही. ब्रिटिशांनी आधुनिक रस्ते बांधले. वाट, घाट आणि नाका ते येण्याआधीपासून होते.

१८/
शब्द नाहीत म्हणणाऱ्यांनी थोडी मोजदाद करावी. शेतांच्या बांधांमधून जाणारी ती पाणंद. मुख्य रस्त्यातून दुसरा फुटतो तो फाटा. तीन रस्ते मिळतात तो तिठा. दोन डोंगरांमधून निसटणारी ती खिंड. घरांच्या भिंतींमधला तो बोळ. पायवाट वेगळी, गाडीवाट वेगळी. दिवसभराची चाल ती मजल. 'नाशिक फाटा' हे नाव मोठा उड्डाणपूल झाल्यावरही हलले नाही, कारण फाटा म्हणजे काय हे लोकांना ठाऊक आहे. त्या जागी 'जंक्शन' लिहिणाऱ्याने भाषेत काही भर घातली नाही. एक नेमका शब्द पुसला.

१९/
नवे शब्दही घडले आणि उत्तम घडले. 'आगगाडी' पाहा: रेल्वे आली आणि लोकांनी डोळ्यांना दिसले ते नाव ठेवले. 'उड्डाणपूल' पाहा: उड्डाण संस्कृत, पूल फारसी, जोड मराठी. 'चौपदरी रस्ता' पाहा: लुगड्याचा, दोरीचा पदर थेट महामार्गाला लावला. इंग्रजीतली 'लेन' म्हणजे गल्ली; पदराची कल्पना तिच्याहून देखणी आहे. 'बसथांबा' आणि 'टोलनाका' हे दोन भाषांचे सुखाचे संसार. आकुर्डी-पिंपरीच्या वेशीवर कालपर्यंत जकातनाके होते. तिथला 'जकात' अरबी होता, 'टोल' इंग्रजी आहे. दोन्हींना आधार दिला तो आपल्या 'नाका'ने.

२०/
सर्वांत बोलका पुरावा आकुर्डीला खेटून आहे. १९७२ मध्ये 'पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण' स्थापन झाले. 'प्राधिकरण' हा कार्यालयात घडलेला, संस्कृत वळणाचा, जड शब्द. तो फायलीतच मरेल असे कुणालाही वाटले असते. पण आज रिक्षावाला विचारतो, "प्राधिकरणात कुठे?" कंपनीतून सुटलेला कामगार सांगतो, "प्राधिकरणात खोली आहे." २०२१ मध्ये ती संस्था विसर्जित झाली, वस्तीचे नाव मात्र जागच्या जागी आहे. पलीकडे कंपनीचे नाव २००३ मध्येच टाटा मोटर्स झाले, तरी रस्ता 'टेल्को रोड'च राहिला. संस्कृत असो वा इंग्रजी, शब्द टिकतो तो पायाखालच्या जागेला चिकटला म्हणून.

२१/
मग प्रश्न उरतो: परके शब्द मराठी कुणी केले? 'मोटर'ची 'मोटार' करून तिला 'मोटारी', 'मोटारीतून' असे चालवले कुणी? 'एस्‌टी'ला 'यष्टी', 'स्टेशन'ला 'ठेसन', 'पंक्चर'ला 'पंचर', 'लायसेन्स'ला 'लायसन' कुणी केले? वाहकांनी, चालकांनी, फिटरांनी, मराठवाडा-खानदेश-विदर्भातून या पट्ट्यात कामाला आलेल्या माणसांनी. परका शब्द आपल्या जिभेला वाकवणे हीच खरी शुद्धी होती. आणि शिकलेल्यांनी तिलाच अडाणीपणा म्हटले. एकीकडे 'पंचर' म्हणणाऱ्याला हसायचे, दुसरीकडे इंग्रजीच्या गुलामीवर भाषण द्यायचे, हा दुटप्पीपणा यादीच्या मुळाशी आहे.

२२/
विरोधकांचा सर्वांत सबळ मुद्दा टाळून चालणार नाही. ते म्हणतात: "सगळेच शब्द चालतात म्हटले तर भाषा उरेल काय? आज मुले 'लेफ्ट मार, मग स्ट्रेट जा' म्हणतात. हेही नागरिकत्वच का?" मुद्दा रास्त आहे. टेम्पो आला तेव्हा त्याच्याबरोबर एक नवी गाडी आली. 'लेफ्ट' आला तेव्हा नवा हात आला नाही, डावा होताच. वस्तूबरोबर आलेला शब्द आणि असलेल्या शब्दाला ढकलून बसलेला शब्द यांत फरक केला पाहिजे. पण यादी नेमका हाच फरक पुसते. तिच्यात टेम्पो आणि लेफ्ट एकाच रकान्यात असतात, आणि मग लोक दोन्हींकडे दुर्लक्ष करतात.

२३/
याहून महत्त्वाची कसोटी मात्र वेगळी आहे: शब्द कळला नाही तर किंमत कोण मोजतो? निगडीपासून दापोडीपर्यंत जुन्या महामार्गावर 'ग्रेड सेपरेटर' आहे. हा शब्द रस्त्यावर घडलेला नाही. तो अभियंत्याच्या आराखड्यातून जसाच्या तसा खाली उतरला. त्याच्या जोडीला 'मर्ज इन', 'मर्ज आउट' आणि 'सर्व्हिस रोड'. इथल्या रहिवाशांनी तो सवयीने पचवला. पण बीडहून किंवा बुलढाण्याहून भरलेला टेम्पो घेऊन आलेला चालक 'मर्ज आउट'वर क्षणभर अडखळला, तर त्याचा फाटा मागे पडतो. आणि भर वेगात अडखळणे एवढ्यावरच थांबेल, याची हमी नसते.

२४/
टेम्पो हा शब्द न कळून आजवर कुणाचे नुकसान झालेले नाही. वाहनविम्याचा बहुधा इंग्रजीतच असलेला करार न कळून मात्र होते. सूचनाफलक न कळून होते. आणि हे नुकसान सारखे वाटले जात नाही. इंग्रजी येणारा सुटतो, न येणारा भरतो. भाषेचा लढा असेल तर तो इथे आहे. तो सोडून 'रिक्षा म्हणू नका' असे रिक्षावाल्यालाच सुनावणे म्हणजे ज्याचे नुकसान होत आहे त्यालाच दंड करणे. आणि हेही लक्षात असू द्यावे की अगम्य संस्कृत फलक हा अगम्य इंग्रजी फलकाचा सख्खा भाऊ आहे.

२५/
जगाकडे पाहावे. भाषेच्या अभिमानासाठी फ्रान्स प्रसिद्ध. तरी फ्रान्सच्या लाल अष्टकोनी पाटीवर 'स्टॉप' असेच लिहिलेले असते. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात फ्रेंच बोलणारे चहूबाजूंनी इंग्रजीने वेढलेले. तिथल्या पाटीवर 'आरे' हा फ्रेंच शब्द असतो. १९७७ च्या भाषा-सनदेनंतर क्वेबेकने कामाची, करारांची, दुकानांची भाषा फ्रेंच करण्यावर भर दिला. ज्या समाजाला जी भीती, त्याप्रमाणे त्याने आपली आघाडी निवडली. आघाडी न निवडता सगळ्याच शब्दांवर तलवार उपसणे याला लढाई म्हणत नाहीत.

२६/
म्हणून यादी फाडून तीन मागण्या कराव्यात. एक: वेग, वळण, उतार, प्रवेश आणि निर्गम यांचा प्रत्येक फलक आधी सोप्या मराठीत असावा. 'मर्ज आउट'ऐवजी 'इथून बाहेर पडा' लिहिल्याने कुठल्याही अभियंत्याचे पद धोक्यात येत नाही. दोन: दंडाची नोटीस आणि विम्याचा करार चालकाला वाचता येईल अशा मराठीत मिळावा. तीन: फाटा, तिठा, पाणंद, खिंड ही नावे जिथे आहेत तिथे नकाशावर आणि पाटीवर तशीच राहावीत. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे. त्याचा जाब टेम्पोवाल्याला नव्हे, पाटी लावणाऱ्याला विचारावा.

२७/
टेम्पो, रिक्षा, स्टेपनी, मॅटाडोर हे शब्द मराठीच्या पराभवाच्या खुणा नाहीत. आलेल्या प्रत्येक वाहनाला लिंग, सामान्यरूप आणि काम देऊन आपल्या अंगणात उभे करणाऱ्या भाषेची ती कमाई आहे. ती कमाई कामगारांनी केली. तिला कलंक म्हणण्याआधी निदान तिचा इतिहास वाचावा. आणि पुढच्या फेब्रुवारीत तीच दोन रकान्यांची यादी कुणी पाठवली, तर त्याला एवढेच विचारावे: यातला 'रस्ता' कुठून आला?

#मराठी #इतिहास #आकुर्डी